उभा वारा : प्रकल्पाच्या नोंदी, सोलापूर

६ मे

गादंकीच्या रडारच्या फाइलींची हार्ड डिस्क काल पोचली. आज सकाळी लॅबमधल्या संगणकाला जोडली, उघडली, सगळ्या फाइली वाचल्या जातायत. एम.एस्सी. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झालेली दोघं या प्रकल्पात आहेत. र. प्रोग्राम लिहिणार, श. गणितं आणि आलेख बघणार. वही माझ्याकडे. पुढच्या तुकडीलाही ती वापरायची आहे, म्हणून पहिल्याच दिवशी एक नियम केला: चुकलेलं खोडरबरानं पुसायचं नाही. काट मारायची, बाजूला तारीख घालायची.

विषय असा. हवा वर-खाली किती वेगानं सरकते, ते रडारच्या नोंदींतून काढायचं. आडवा वारा अंगाला लागतो, झाडं हलवतो, त्याला दिशांची नावं आहेत. उभ्या वाऱ्याचं तसं नाही. साधारण दिवशी तो सेकंदाला काही सेंटिमीटर असतो, आडव्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नसतो. पण ढग करायचा की मोडायचा हे तोच ठरवतो. हवा वर चढली की पसरते, थंड होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. खाली आली की दाबली जाते, तापते, ढग विरतो. सह्याद्रीच्या पश्चिमेला हवा वर चढते आणि धो धो पडते. घाट ओलांडून खाली उतरते आणि आपल्याकडे आभाळ नुसतं भरून राहतं. पर्जन्यछाया हा शब्द आपण शाळेपासून म्हणतो. सोलापूरच्या माणसाला तो भूगोलाच्या पुस्तकात शोधावा लागत नाही. त्या शब्दाच्या मुळाशी हाच उभा वारा आहे, आणि मला तो आकड्यांत बघायचा आहे.

८ मे

आज दोघांना रडार समजावून सांगितलं. इथेही लिहून ठेवते.

गादंकी तिरुपतीजवळ, आंध्र प्रदेशात. सगळीकडून टेकड्या, मध्ये १३० मीटर लांब आणि तितकंच रुंद मैदान, त्यात १०२४ यागी अँटेना. यागी म्हणजे तीच, दूरदर्शनच्या काळात प्रत्येक छपरावर आडव्या काड्यांची असायची ती. फरक इतकाच की ती टीव्हीची अँटेना क्षितिजाकडे बघायची, या सगळ्या आभाळाकडे बघतात. वारंवारता ५३ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी ५.६६ मीटर, मूळची शिखर शक्ती २.५ मेगावॉट. अँटेना जागच्या जागी ठेवून, त्यांना दिल्या जाणाऱ्या लहरी थोड्या पुढे-मागे करून झोत वळवला जातो. सरळ डोक्यावर, नाहीतर पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिणेला १० अंश कलता. उभे झोत दोन, एकमेकांना काटकोनात ध्रुवण (लहरीच्या कंपनाची दिशा) असलेले. असे एकूण सहा.

र.नं विचारलं, "मॅडम, ढग नसताना हे रडार परत काय मिळवतं?" प्रश्न बरोबर आहे. हवामान खात्याचं साधं रडार पावसाच्या थेंबांवरून प्रतिध्वनी घेतं. हे रडार मोकळ्या हवेवरून घेतं. हवा कधीच सारखी नसते. तिच्यात गरम-गार, ओले-कोरडे भोवरे असतात आणि प्रत्येक भोवऱ्याचा अपवर्तनांक शेजाऱ्यापेक्षा किंचित वेगळा असतो. त्यातून तरंगलांबीच्या अर्ध्या मापाची, म्हणजे २.८३ मीटरची जी चढउतार असते, ती लहरींना जुळवून परत पाठवते. बाकीची एकमेकींना मारते. म्हणजे हे रडार आभाळात साधारण एका खोलीएवढ्या मापाची खळबळ बघतं, आणि ती खळबळ वाऱ्याबरोबर सरकत असल्यामुळे वाराही कळतो.

ही वाट पेरूमधल्या हिकामार्काच्या रडारनं दाखवली. रोनाल्ड वुडमन आणि आल्बेर्तो गिलेन यांनी १९७४ साली तिथल्या निरीक्षणांतून स्थितांबर आणि मध्यांबरातले वारे आणि खळबळ मोजून दाखवली. तेही ५० मेगाहर्ट्झच्या आसपासचंच रडार, आणि तेही उष्ण कटिबंधातलंच.

शब्दांचं एक ठरवून टाकलं. इंग्रजी पुस्तकांत ज्यांना ग्रॅव्हिटी वेव्ह म्हणतात त्यांना 'गुरुत्वीय लहरी' म्हणायचं नाही. त्या कृष्णविवरांच्या, ज्यांच्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ वेधशाळा व्हायची आहे. आपल्या या हवेतल्या. वर ढकललेली हवा आजूबाजूपेक्षा जड ठरते म्हणून खाली येते, वेगानं जास्तच खाली जाते, मग हलकी ठरून वर येते. तराफा पाण्यावर डुलतो तसं. वहीत त्यांना उत्प्लावन लहरी म्हणू.

१३ मे

साडेअकराला गच्चीवर गेलो. सावलीत ४१ अंश. रडारचं काम संगणकावरच आहे, पण उभा वारा डोळ्यांनी एकदा बघितल्याशिवाय मुलांना आकड्यांवर बसवायचं नाही असं माझ्या मनात होतं. शिपाईमामांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी खालूनच हाक मारली, "मॅडम, आल्या बघा की घारी!"

दोन घारी. पैकी खालची आमच्या इमारतीच्या पत्र्यांवरून निघालेल्या गरम हवेत शिरलेली. शिरताना तिचा एक पंख उचलला गेला, तिनं तो दाबला आणि उचललेल्या बाजूलाच वळली. तिथून वर्तुळं सुरू. पंख पूर्ण पसरलेले, टोकाची पिसं बोटांसारखी सुटी, शेपूट सारखी डावी-उजवीकडे मुरडत. पंख एकदाही मारला नाही. प्रत्येक वर्तुळ आधीच्याहून वर आणि थोडं पूर्वेला, अक्कलकोट रोडच्या बाजूला सरकलेलं. वर जाणं उभ्या वाऱ्याचं, सरकणं आडव्या वाऱ्याचं. दोन्ही एकाच पक्ष्यात दिसत होतं.

गच्चीच्या दोन टोकांना र. आणि श. उभे होते, मधलं अंतर ३८ मीटर. हातात कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला नट. पहिल्या मोजणीत उंची ९० मीटरच्या आसपास, बरोबर एका मिनिटानं १९० च्या आसपास. हाताचा कंप धरला तर दोन्हींत दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे. म्हणजे घार सेकंदाला दीड-पावणेदोन मीटरनं चढली. पण स्थिर हवेत पंख न मारणारी घार सेकंदाला साधारण एक मीटर खाली घसरते. ते मिळवायला हवं. हवा वर चालली होती अडीच-पावणेतीन मीटरनं.

श. बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्याला गादंकीच्या नोंदीत याच्या पंचविसाव्या हिश्श्यापर्यंत पोचायचंय ना?" हो. सेकंदाला दहा सेंटिमीटर. मुंगीच्या चालीपेक्षा फार जास्त नाही, आणि तेही जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर वर.

१७ मे

दुपारभर वीज नाही. काम बंद.

२१ मे

वळीव. पाच वाजायला वीस मिनिटं असताना होटगीच्या बाजूनं काळं उभं राहिलं. आधी वारा पूर्ण पडला. मग धुळीची भिंत आली, खिडक्या आपटल्या, गच्चीवरच्या तापमापकाचा आकडा बारा मिनिटांत ३९.५ वरून २८ वर. पाऊस त्यानंतर आला आणि दहा मिनिटांत थांबला.

हा गार वारा आडवा वाटला, पण तो जन्मला उभा. ढगाखालची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की थेंब पडता पडता वाफ होतात. त्याला लागणारी उष्णता हवेतूनच जाते, हवा गार आणि जड होते, धबधब्यासारखी खाली कोसळते, आणि जमिनीनं वाट अडवली की चहूबाजूंना पसरते. आपल्या तोंडावर जी धूळ बसते ती त्या पसरण्याची कड. घरी गेल्यावर आईनं दारातली धूळ झाडता झाडता "नुसतंच वारं, पाऊस कुठाय" म्हटलं. यंदाच्या मेमध्ये हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं. ढगातलं पाणी वाटेतच संपतं आणि त्याची किंमत म्हणून हा वारा मिळतो.

२७ मे

आज पूर्ण दिवस हिशेबाचा. यातला एकेक आकडा पुढे लागणार आहे.

रडार एक स्पंद सोडतं, एक सहस्रांश सेकंदानं पुढचा. असे ६४ प्रतिध्वनी बेरीज करून एक बिंदू. ५१२ बिंदू जमले की त्यांचा फूरिए वर्णपट, म्हणजे कोणती वारंवारता किती जोरात आहे त्याचा आलेख. १ मिलिसेकंद × ६४ × ५१२ = ३२.८ सेकंद. म्हणजे एका झोताच्या एका वर्णपटाला साधारण ३३ सेकंद लागतात.

हे इतकं लांब का? सेकंदाला १० सेंटिमीटर सरकणाऱ्या हवेमुळे ५.६६ मीटरच्या लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक, म्हणजे डॉप्लर फरक, ०.०३५ हर्ट्झ. त्याचं एक आवर्तन पुरं व्हायला २८ सेकंद. तितका वेळ ऐकलंच नाही तर सूर ओळखता येणार नाही. ३२.८ सेकंद ऐकलं की वर्णपटाची एक पायरी ०.०३०५ हर्ट्झची, वेगात ८.६ सेंटिमीटरची. शिखराचा मध्य नीट काढला तर पायरीच्याही आत जाता येतं. दुसऱ्या टोकाला जास्तीत जास्त वेग सेकंदाला २२ मीटर, तो आपल्याला भरपूर आहे.

उंचीची पायरी १५० मीटर. आमच्या फाइली ३.६ किलोमीटरपासून सुरू होतात. म्हणजे घारींचा थर यात नाहीच. र. जरा हिरमुसला, पण तसंच आहे. जमिनीजवळच्या वाऱ्यासाठी निराळी रडारं असतात. पुण्याला पाषाणला ४०४ मेगाहर्ट्झचं बसवलं होतं, त्याची तरंगलांबी पाऊण मीटरच्या आतबाहेर.

सहा झोत ओळीनं घेतले तर एक फेरी १९७ सेकंदांची, सव्वातीन मिनिटांहून थोडी जास्त. आमच्या डिस्कवरच्या बहुतेक फाइली अशाच आहेत. उभा झोत एकटाच सतत चालवलेला एक रात्रीचा तुकडा आहे, तो शेवटी घेऊ.

३ जून

पहिला आलेख निघाला. महिनाभराच्या उभ्या झोताच्या सगळ्या नोंदींची सरासरी, उंचीनुसार. रेषा छान गुळगुळीत. पण सगळीकडे शून्याच्या डावीकडे. साडेतीन किलोमीटरपासून अगदी वरपर्यंत हवा खाली चालली आहे, सेकंदाला आठ-नऊ सेंटिमीटरनं. चौदा किलोमीटरच्या वर त्याहूनही जास्त.

र.ला आनंद झाला होता. त्याला वाटलं काहीतरी सापडलं. मी त्याला गुणाकार करायला लावला. सेकंदाला ८.६ सेंटिमीटर म्हणजे दिवसाला साडेसात किलोमीटरला थोडं कमी. उष्ण कटिबंधातलं तपांबर, म्हणजे जमिनीला लागून असलेला हवेचा थर, १६-१७ किलोमीटर जाड. सव्वादोन-अडीच दिवसांत सगळं जमिनीवर येईल. आणि खाली येणारी हवा किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते; ती उष्णता अवकाशात टाकायला निरभ्र हवेला दिवसाला अंश-दोन अंशांपलीकडे जमत नाही. म्हणून ढगांबाहेरची हवा खाली बसते ती फार तर सेकंदाला अर्धा सेंटिमीटर, तेवढीच.

म्हणजे आमचा आकडा वाऱ्याचा नाही. घोडं कुठेतरी पेंड खातंय.

५ जून

बीजगणित तपासलं. चिन्हं तपासली. जवळ येणारं धन की दूर जाणारं धन, हे दोन वेळा फाइलीच्या शीर्षकाशी ताडलं. ठीक आहे.

१० जून

अजून सापडलं नाही. काल रात्री मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, लॅबच्या खिडकीतून मातीचा वास येतोय. तिघंही खिडकीशी उभे राहून चहा प्यालो आणि परत बसलो.

आज शून्यपट्टीवर काम केलं. वर्णपटाच्या बरोबर मध्यावर, शून्य डॉप्लरला, न हलणाऱ्या वस्तूंचा प्रतिध्वनी येतो. टेकड्या, इमारती, यंत्राचा स्वतःचा एकदिश अंश. तो काढायला शून्याचा बिंदू पुसून तिथे शेजारच्या दोघांची सरासरी भरतात. कलत्या झोतात यानं काही बिघडत नाही, तिथे वाऱ्याचं शिखर शून्यापासून लांब असतं. पण उभ्या झोतात आमचं सगळं धन शून्याच्या आसपासच पुरलेलं आहे. पुसताना तेही थोडं पुसलं जातं. म्हणून र.ला सांगितलं, पुसण्याआधीचे कच्चे वर्णपट काढ, सगळ्यात खालच्या उंचीचे.

१४ जून

सापडलं. तारीख, वेळ लिहून ठेवते: दुपारी ३ वाजून १० मिनिटं.

श. कच्चे वर्णपट एकेक करून बघत होती. सगळ्यात खालच्या दोन उंचींवर टेकड्यांचा प्रतिध्वनी काट्यासारखा उभा होता, अरुंद, टोकदार, प्रत्येक फाइलीत त्याच जागी. ती बराच वेळ त्याच्यावर बोट ठेवून बसली होती. मग म्हणाली, "मॅडम, टेकडी खाली चाललीय असं दाखवतंय."

काटा शून्यावर नव्हता. उणे ८.६ सेंटिमीटरवर होता. बरोबर एक पायरी.

मग पाच मिनिटांत उलगडलं. फाइली वाचायचा जुना प्रोग्राम फोरट्रानमध्ये होता, तिथे मोजणी १ पासून सुरू होते. ५१२ बिंदूंत शून्य डॉप्लर २५७ व्या जागी. र.नं तो पायथनमध्ये उतरवला, तिथे मोजणी ० पासून, म्हणून तीच जागा २५६. त्यानं २५७ तसाच राहू दिला होता, आणि मी तो प्रोग्राम ओळीनओळ वाचून पुढे जाऊ दिला होता. म्हणून प्रत्येक वेग एका पायरीनं खाली सरकला. कलत्या झोतातल्या आडव्या वाऱ्यात पूर्वेचा आणि पश्चिमेचा वेग एकमेकांतून वजा होतो, तिथे ही चूक आपोआप कटून गेली आणि आडवे वारे निर्दोष दिसत राहिले. उभ्या वाऱ्यात तिला लपायला जागा नव्हती.

र.चा चेहरा उतरला. त्याला सांगितलं ते इथेही लिहिते: टेकडीनं जे दाखवलं ते पुढच्या प्रत्येक फाइलीत आधी बघायचं. न हलणारी एक वस्तू नोंदीत आहे, तोच आपला ओळंबा. गवंडी भिंत चढवण्याआधी ओळंबा लावतो, आम्ही तीन आठवडे विटा रचल्यावर लावला.

३ जूनच्या आलेखावर काट मारली. तारीख घातली.

२२ जून

दुरुस्तीनंतर सात-आठ किलोमीटरपर्यंतची रेषा शून्यावर येऊन बसली. वर मात्र चौदा ते सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात अजून पाच-सहा सेंटिमीटर खाली. ही चूक आमच्या मोजणीची नाही, ओळंबा आता सरळ आहे.

श.नं प्रत्येक दिवसाचा उभा वेग त्याच दिवसाच्या आडव्या वाऱ्यासमोर मांडला. या उंचीवर पावसाळ्यात पूर्वेकडून येणारा जोरदार झोतवारा असतो, दक्षिण भारतावर त्याचा वेग सेकंदाला ३०-४० मीटरपर्यंत जातो. ज्या दिवशी पूर्ववारा जोरात, त्या दिवशी 'खाली' जास्त. ज्या दिवशी मंद, त्या दिवशी कमी. म्हणजे आडव्या वाऱ्याचा एक थेंब उभ्यात झिरपतोय.

किती कलंडलं की इतकं झिरपतं? अंशाचा दहावा भाग. ३५ मीटरचा वारा, ०.१ अंश, ६ सेंटिमीटर. ०.१ अंश म्हणजे किलोमीटरला पावणेदोन मीटर चढ. आपला माळ आपण सपाट म्हणतो तरी त्यावर याहून जास्त चढउतार पायाखालून जातो.

आणि कलायला झोतच पाहिजे असं नाही. तपस्तब्धीजवळची, म्हणजे तपांबर संपून स्थितांबर सुरू होतं तिथली हवा थरांची असते, पातळ, स्थिर थर, काहीसे आरशासारखे. आरसा लंबात असेल तिथूनच सगळ्यात जास्त उजेड परत येतो. झोत तीन अंश रुंद आहे. थर किंचित तिरका असला तर प्रतिध्वनी झोताच्या मधल्या रेषेवरून न येता थराच्या लंबावरून येतो. आपण समजतो सरळ वर बघतोय, आणि बघत असतो जरासं बाजूला. हवेच्याच रचनेमुळे हे घडतं, म्हणून ते कोणत्याही अशा रडारला चुकवता येत नाही.

तोडगा जुना आहे. पूर्वेचा आणि पश्चिमेचा झोत, दोन्ही १० अंश कलते. दोघांच्या वेगांची बेरीज केली तर आडवा वारा कटतो, उभा उरतो. त्याला १० अंशांच्या कोज्येच्या दुपटीनं भागायचं. आरशाचा परिणाम १० अंशांवर बराच मावळलेला असतो. अडचण एकच, पंधरा किलोमीटर उंचीवर हे दोन झोत एकमेकांपासून पाच किलोमीटरहून लांब असतात, आणि तेवढ्या अंतरात एकाच क्षणी वारा सारखा असेल याची खात्री नाही. क्षणाक्षणाचं यातून काढता येणार नाही. महिन्याच्या सरासरीला चालेल. सरासरी काढली, वरच्या पट्ट्यातलं 'खाली' निम्म्याहून कमी झालं.

उरलेल्यासाठी मुलांना १९९४ चं एक काम वाचायला दिलं, नॅस्ट्रम आणि व्हॅनझँड्ट यांचं. इलिनॉयमध्ये, डोंगरांचा त्रास नको म्हणून मुद्दाम सपाट प्रदेशात बसवलेलं फ्लॅटलँड रडार. तिथेही सरासरी उभा वारा थोडा खालीच येत होता. त्यांचं म्हणणं, वर जाणाऱ्या उत्प्लावन लहरीत हवा खाली जात असतानाच्या टप्प्यात प्रतिध्वनी जोरकस असतो, म्हणून मोजणीत 'खाली'चं वजन वाढतं. वर-खाली दोन्ही सारखंच घडतंय, फक्त एकाचा आवाज मोठा.

११ जुलै

गादंकीवरच्या एका पावसाळी संध्याकाळची फाइल. हिच्यासाठी मी थांबले होते.

एकाच वर्णपटात दोन शिखरं. एक शून्याजवळ, हवेचं. दुसरं सेकंदाला सात मीटरनं खाली येणाऱ्या पावसाच्या थेंबांचं. ५३ मेगाहर्ट्झला थेंब क्षीण दिसतात म्हणून हवा झाकली जात नाही, दोघं वेगवेगळे ओळखू येतात. मिनिटामिनिटानं बघत गेलो. आधी हवेचं शिखर उजवीकडे सरकत गेलं, मधल्या उंचीवर सेकंदाला काही मीटर वर. मग पाऊस वाढला तसं खालच्या भागात ते डावीकडे आलं. शेवटी तासाभराचा संथ पाऊस, त्यात पाच किलोमीटरच्या, म्हणजे बर्फ वितळण्याच्या पातळीच्या वर हवा मंद चढतेय, आणि खाली मंद उतरतेय. एकाच ढगाची वरची बाजू पाऊस करतेय आणि खालची बाजू तो वाळवतेय. २१ मेची धूळ आठवली.

सोलापूरकरांनी ढगांसाठी रडार पाहिलंय. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं कायपीक्स या ढगांत बीज पेरण्याच्या प्रयोगाचा चौथा टप्पा आपल्या जिल्ह्याच्या आभाळात केला, तेव्हा केगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या छतावर सी-बँड रडार बसवलं होतं. गावात अजून 'पावसाचं रडार' म्हणतात. त्याची तरंगलांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास, ते थेंब बघतं. त्यातून ढग कुठे आहे, किती वाढला, किती पाणी धरलंय ते कळतं. ढगाच्या आतली हवा वर चाललीय की खाली, हे थेंबांच्या पडण्यात मिसळून जातं. आणि विमानातून ढगाच्या तळाशी मिठाच्या नळकांड्या जाळतात, ते कण आत ओढून घ्यायला वर चढणारी हवाच लागते. ती नसेल तर मीठ तिथेच तरंगत राहणार. म्हणून वैमानिक ढगाखाली जाऊन आधी ती चढती हवा शोधतात. घार शोधते तशीच, पंखाखाली जाणवून.

मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग तसलं उभं बघणारं रडार हितं बसवलं असतं तर?" खर्च आणि जागा सोडली तर या प्रश्नाला माझ्याकडे विरोध नाही. आमचा माळ सपाट, आजूबाजूला टेकड्यांचे प्रतिध्वनी नाहीत, आणि ढग येऊन न पडता जातात ते नेमकं कुठल्या उंचीवर अडतात हे मोजायला याहून योग्य गाव मला सुचत नाही.

२८ जुलै

स्थितांबरातल्या लहरी. सहा झोतांच्या फाइलींतून १८ किलोमीटरच्या वरचा उभा वारा काढला, त्यात आठ मिनिटांची लहर स्पष्ट. चार वेगवेगळ्या दिवशी. तक्ता केला, चारही ओळी भरल्या.

तपासणीसाठी: हवेचं स्वतःचं डुलणं किती मिनिटांचं हे तिच्या स्थिरतेवर ठरतं. तपांबरात साधारण १० मिनिटं, स्थितांबर जास्त स्थिर म्हणून तिथे साधारण ५. त्याहून लवकर ती डुलू शकत नाही. आठ पाचाहून मोठे आहेत, म्हणजे नियमात बसतं.

९ ऑगस्ट

र. आजारी, डेंग्यूची तपासणी केली, नाही निघाला. चार दिवस काम नाही.

१९ ऑगस्ट

राखून ठेवलेला तुकडा घेतला. उभा झोत एकटा, दर ३३ सेकंदांना एक वर्णपट, सलग रात्रभर. आधी ओळंबा: टेकडीचा काटा शून्यावर. मग पुढे.

हा आलेख मी आयुष्यात विसरणार नाही. दहा किलोमीटरवर रेषा संथ डुलतेय, अकरा-बारा मिनिटांत एक हेलकावा, वीस-तीस सेंटिमीटर वर, तितकीच खाली. जसजसं वर जावं तसा हेलकावा तसाच, आणि सतरा किलोमीटर ओलांडले की एकदम लय बदलते. झपझप, साडेपाच मिनिटांत एक. तपस्तब्धी कुठे आहे हे सांगायला तापमापकाची गरजच नाही, हवा स्वतःच्या डुलण्यातून सांगतेय. श.नं पट्टी घेऊन पडद्यावर बोटानं हेलकावे मोजले, दोनदा, कारण पहिल्यांदा तिला स्वतःचा विश्वास बसला नाही.

आणि मग तिनंच विचारलं: इथे साडेपाच मिनिटं आहेत, तर जुलैच्या तक्त्यात आठ कशी?

२० ऑगस्ट

रात्री झोप लागली नाही, सकाळी सातलाच लॅब उघडली. श. माझ्याआधी येऊन दारात उभी.

तिनं सोपी गोष्ट केली. कालच्या सलग नोंदीतला दर सहावा आकडा ठेवला, बाकी टाकले. म्हणजे सहा झोतांची फेरी असती तर जे मिळालं असतं तेच. १९७ सेकंदांना एक आकडा. परत वर्णपट काढला. साडेपाच मिनिटांची लहर गेली. तिच्या जागी आठ मिनिटांची उभी.

हिशेबही जुळतो. १९७ सेकंदांनी एकदा बघणाऱ्याला ३९४ सेकंदांहून लवकर डुलणारी कोणतीही लहर खऱ्या रूपात दिसत नाही, ती घडी पडून दुसऱ्याच लयीची होते. ३३० सेकंदांची लहर ४८९ सेकंदांची होते. आठ मिनिटं नऊ सेकंद. सिनेमातलं चाक उलटं फिरताना दिसतं तसं. २७ मे रोजी मी १९७ हा आकडा माझ्या हातानं या वहीत लिहिला होता, २८ जुलैला ५ मिनिटंही लिहिली होती. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघायला हवी होती.

चारही दिवशी खरोखर साडेपाच मिनिटांचीच लहर होती असंही आता म्हणता येत नाही. त्या फाइलींत ते शोधायला माहितीच उरलेली नाही. तपांबरातल्या ओळी टिकतात, तिथे १० मिनिटांच्या वरची लहर ही फेरी नीट पकडते.

२८ जुलैच्या तक्त्यातल्या चारही ओळींवर काट मारली, तारीख घातली. गादंकीला पाठवायच्या अर्जाचा मसुदा र. लिहितोय: फक्त उभा झोत, दोन्ही ध्रुवणं आलटून पालटून, म्हणजे दर ६६ सेकंदांना एक फेरी, किमान सहा तास सलग, शक्यतो सप्टेंबरमधली निरभ्र रात्र.